शुद्ध ऑक्सिजनसाठी स्कूबा रेग्युलेटर: सोलापुरात सर्व्हिसिंग जमेल का?

पाणबुड्या_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात बसून समुद्राखालच्या सामानाचा धागा काढतोय, तेव्हा आधी हसून घ्या. पावसाळ्यात मालवणचं काम बंद असतं, म्हणून मी घरी, अशोक चौकात.

येत्या हंगामात टेक्निकल डायव्हिंगचा कोर्स करायचाय. खोलवरून वर येताना शेवटचा थांबा ६ मीटरवर घेतात आणि तिथे शुद्ध ऑक्सिजन ओढतात, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. त्यासाठी वेगळं रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवून श्वास देणारं उपकरण) लागणार. माझ्याकडे एक जुना सेट पडून आहे: क्रोम केलेलं पितळ, डायफ्रॅमवाली फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा, दाब उतरवणारा भाग), डिन जोडणी (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारी). आजवर फक्त साध्या हवेवर चाललेला. सरांनी सांगितलंय, 'ऑक्सिजन क्लीन' करून घेऊन ये, म्हणजे आतलं तेल-घाण काढून शुद्ध ऑक्सिजनला चालेल असं.

आता प्रश्न. हे घरी करता येईल का? अक्कलकोट रोड एमआयडीसीत गॅस वेल्डिंगचे रेग्युलेटर दुरुस्त करतात, त्यांच्याकडे द्यावं का? आणि माझ्याकडची सिलिकॉन ग्रीसची ट्यूब चालेल का?

लूमवाला

काय करलालास बे! इथं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतंय आणि हा पाण्याखाली ऑक्सिजन ओढायला निघालाय.

वेल्डिंगनाका

भाऊ, ऑक्सिजनचं रेग्युलेटर म्हणजे आमचा रोजचा धंदा. खोलायचं, पेट्रोलने न धुता साबणाच्या पाण्याने धुवायचं, सीट (दाब अडवणारी आतली चकती) बदलायची, जोडायचं. तेल नाही, ग्रीस नाही, तेलकट हातही नाही. गेजच्या डायलवरच लिहिलेलं असतं तेल लावू नका म्हणून. तुझंही तसंच असणार. घेऊन ये, बघू.

खोलपाणी

वेल्डिंगनाका, तेलाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण स्कूबाचं रेग्युलेटर तुमच्या बेंचवर आणायच्या आधी थोडं लिहितो. मी पुण्यात डायव्हिंगच्या सामानाचं सर्व्हिसिंग करतो, मूळ गाव बार्शी.

आधी ग्रीस, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. सिलिकॉन ग्रीस हवेच्या सेटला उत्तम, शुद्ध ऑक्सिजनला अजिबात नाही. ऑक्सिजनच्या दाबाखाली ती जळू शकते. मग 'काहीच लावू नका' हा वेल्डिंगवाल्यांचा नियम का चालत नाही? कारण आमच्या ओ-रिंगा (गळती रोखणारी रबरी कडी) हलत्या भागांवरही असतात. फर्स्ट स्टेजमधली पिन किंवा पिस्टन प्रत्येक श्वासाला मागेपुढे होतो. कोरडी ओ-रिंग झिजते, तिचे कण सुटतात, आणि ऑक्सिजनच्या वाटेत सुटा कण म्हणजे इंधनच. म्हणून पीएफपीई जातीची, म्हणजे ऑक्सिजनला चालणारी फ्लोरिनवाली ग्रीस लागते. क्रिस्टो-ल्यूब किंवा क्रायटॉक्स या नावांनी मिळते. महाग आहे, पण ओ-रिंगवर नुसती चमक दिसेल इतकीच लागते. ती हाताला लागलेली असताना सिगारेट ओढू नका. असले फ्लोरिनचे पदार्थ फार तापले की विषारी धूर सोडतात.

आता आग का लागते ते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला १ बारचा वायू क्षणात २०० बारला दाबला जातो. उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही असं धरून गणित मांडलं, तर २० अंशांवरून निघालेलं तापमान १००० अंश सेल्सियसच्या पुढे जातं. एसटीच्या डिझेल इंजिनात ठिणगी नसताना डिझेल पेटतं ते याच न्यायाने. प्रत्यक्षात धातू थोडी उष्णता शोषतो, पण तिथे तेलाचा थेंब, रबराचा कण किंवा सुताचा धागा असेल तर त्याला पेटायला तेवढं पुरतं. आणि एकदा छोटं काही पेटलं की त्याच्या आंचेवर सीट पेटते, सीटवरून धातूपर्यंत जातं. सुरुवात राईएवढीच असते.

म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात. भाग स्वच्छ हवेत, रबर-प्लास्टिक-ग्रीस ऑक्सिजनला चालणारं हवं, आणि मुळात कंपनीने ते मॉडेल ऑक्सिजनसाठी मान्य केलेलं हवं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल काढा. काही कंपन्या वेगळं ऑक्सिजन किट देतात, काही ४० टक्के ऑक्सिजनच्या वर स्पष्ट नाही म्हणतात. नाही म्हटलं असेल तर विषय संपला, कितीही घासा. टायटॅनियमचं असेल तर विचारही करू नका, तो धातू ऑक्सिजनमध्ये फार सहज पेटतो. पितळ त्या मानाने शांत.

प्रश्नचिन्ह

४० टक्क्यांचा आकडा आला म्हणून विचारतो. मी अंदमानला नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) घेतलं होतं, ३२ टक्के, साध्याच रेग्युलेटरवर. काही झालं नाही. मग ४० पर्यंत चालतं आणि ४१ ला पेट घेतं असं काही आहे का? मला तर हा सर्व्हिसवाल्यांचा पैसे काढायचा मार्ग वाटतो.

खोलपाणी

४१ ला काही जादू होत नाही, मान्य. अमेरिकेतल्या व्यावसायिक डायव्हिंगच्या सुरक्षा नियमांत ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असेल तर उपकरण ऑक्सिजनसाठी बनवलेलं आणि ज्वलनशील घाण काढलेलं हवं, असं आहे. करमणुकीच्या डायव्हिंगने तोच आकडा उचलला. औद्योगिक वायूंची मानकं याहून कडक आहेत, तिथे साधारण २३-२५ टक्क्यांपासूनच ऑक्सिजनचे नियम लागतात. युरोपात तर नायट्रॉक्सच्या सिलिंडरला एम२६ मापाचा वेगळा व्हॉल्व्हच ठेवलाय, चुकून साधं रेग्युलेटर बसूच नये म्हणून.

पण पाणबुड्याचा प्रश्न ३२ चा नाहीच, १०० चा आहे. तिथे कुठलंच मानक सूट देत नाही. पैशांचं म्हणाल तर, एका सेटला माझा अर्धा दिवस जातो. त्यात पैसे काढायचे असते तर मी सोलापुरी चादरी विकल्या असत्या.

लूमवाला

चादरीत पण काय राहिलं नाही आता, तिकडे येऊ नका.

बायोमेड

मी इथल्या एका रुग्णालयात उपकरणांची देखभाल बघते. ऑक्सिजनचे रेग्युलेटर, फ्लोमीटर, मॅनिफोल्ड हे रोजचं काम आहे, म्हणून दोन मुद्दे.

एक. प्रेशर गेज. सगळे फर्स्ट स्टेजबद्दल बोलतायत, पण गेजच्या आत जी वाकडी बूर्डन नळी असते ती एका टोकाला बंद असते. दाब तिच्या टोकाशी जाऊन आदळतो आणि तापमान तिथेच चढतं. त्यात काही गेज कारखान्यात तेलाच्या दाबावर तपासलेले असतात आणि ते तेल त्या बारीक नळीतून बाहेर काढणं जवळपास अशक्य. जुना गेज ऑक्सिजनला वापरायचाच नाही. ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेला नवा घ्यायचा.

दोन. सिलिंडर कुठून भरणार? आमच्या पुरवठादाराकडे स्कूबाचा सिलिंडर घेऊन गेलास तर ते भरणार नाहीत, आणि त्यांनी भरूही नये. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे भरणीला परवाना लागतो, सिलिंडर नागपूरच्या पेसोने (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना) मान्य केलेला लागतो. घरच्या घरी मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात ओढून घेणं हा तर सरळ गुन्हाच, शिवाय सगळ्यात जास्त धोक्याचं काम तेच. कोविडच्या काळात लोकांनी हे प्रकार करताना मी पाहिलंय, अजून अंगावर काटा येतो.

पाणबुड्या_सोलापूर

ताई, सिलिंडर मी भरणार नाही, तो डायव्ह सेंटरकडूनच भरलेला मिळेल. माझं फक्त रेग्युलेटर. गेजचं लक्षात घेतलं.

खोलपाणी दादा, मॅन्युअल शोधलं. कंपनीचं ऑक्सिजन किट आहे म्हणून लिहिलंय. म्हणजे निदान दार उघडं आहे. आता धुण्याबद्दल सांगा. घरात ब्रश आहे, पितांबरी आहे, बोअरचं पाणी आहे. आणि ओळखीच्या सराफाकडे अल्ट्रासोनिक मशीन आहे, तो म्हणाला आण, पाच मिनिटांत चकाचक करतो.

खोलपाणी

या यादीतला ब्रश तेवढा चालेल, तोही नवा नायलॉनचा.

पितांबरी देवघरातल्या समईसाठी ठेवा. कुठलीही पावडर घासली की सीट जिथे टेकते त्या पितळी काठावर बारीक ओरखडे पडतात, आणि तिथे केसाएवढा ओरखडा आला की दाब सरकत राहतो. पावडर भोकांत अडकते ती वेगळीच.

सराफाचं मशीन चांगलं, त्यातलं पाणी वाईट. दागिने पॉलिश करताना जो लाल-हिरवा साबण लावतात त्यात मेण आणि चरबी असते. ते सगळं त्या टाकीत उतरलेलं असतं. वापरायचंच असेल तर स्वच्छ काचेच्या बरणीत आपलं पाणी आणि आपले भाग घालून ती बरणी टाकीत ठेवायची. कंपनं काचेतून जातात, घाण जात नाही.

माझी पद्धत अशी. पूर्ण खोलायचं, सगळं रबर, जुनी सीट, फिल्टर फेकून द्यायचे. हे भाग धुवून परत लावायचे नसतात. मग आधी ग्रीस काढायची, कोमट पाण्यात भांड्यांचं सौम्य द्रव डिटर्जंट, सुगंध-मॉइश्चरायझर नसलेलं. त्यानंतर कळकलेल्या पितळेसाठी पांढरा व्हिनेगर निम्मा आणि पाणी निम्मं, काही मिनिटंच. जास्त ठेवलं तर क्रोम सुटायला लागतो, विशेषतः जिथे आधीच खरचटलंय तिथून. हा क्रम उलटा केलात तर ग्रीसखालच्या हिरव्या थरापर्यंत आम्ल पोचतच नाही. मग परत डिटर्जंटची दुसरी, नवी आंघोळ, कारण पहिलीत ग्रीस तरंगत असते. शेवटी भरपूर खळखळून धुणं.

आणि हे शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने नाही! सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते तुमच्या गीझरला विचारा. वाळल्यावर पांढरे कण राहतात. बॅटरीसाठी विकतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या.

वाळवताना पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नको, त्याच्या हवेत तेलाचा फवारा असतो. टॉवेलनेही पुसू नका.

लूमवाला

टॉवेलने का नको? सोलापूरचा टॉवेल आहे तो!

खोलपाणी

म्हणूनच नको! अशोक चौक म्हणजे आजूबाजूला माग असणारच. पाणबुड्या, तुमच्या घराजवळ कारखाना आहे का?

पाणबुड्या_सोलापूर

खालच्या मजल्यावरच आहे. काकांचे माग. दिवसभर खडखड, आणि जिन्यात सुताचा भुगा.

खोलपाणी

मग घरी जुळणी करायचा विषयच काढू नका. मागाच्या कारखान्यात हवेत सुताचा भुगा असतो आणि त्याच्याबरोबर मागाला घातलेल्या तेलाचा अंशही. तेल प्यालेला बारीक धागा! ऑक्सिजनच्या आगीला याहून सोयीचं काही मिळणार नाही. धुतलेला भाग तुमच्या टेबलावर तासभर उघडा राहिला तर धुतल्याचा उपयोग शून्य.

खात्री करायची असेल तर दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तो अंधारात आपल्या टेबलावर धरून बघा. कापडाला पांढरेपणासाठी जे रसायन देतात ते त्या प्रकाशात निळं चमकतं, म्हणून टॉवेलचा भुगा चांदण्यासारखा दिसेल. आम्हीही धुतलेले भाग आधी पांढऱ्या झगझगीत उजेडात आणि मग अशाच दिव्याखाली बघतो. पण एवढ्यावर विसंबत नाही. बऱ्याच प्रकारची ग्रीस त्यात चमकतच नाही. म्हणून पाण्याची परीक्षा: स्वच्छ धातूवर डिस्टिल्ड पाणी सलग पडद्यासारखं पसरतं, चिकटपणा असेल तिथे पडदा फाटून थेंब होतात. यातही एक फसवणूक आहे. डिटर्जंट नीट निघालं नसेल तर पाणी पसरतंच आणि आपण खूश होतो. त्यासाठी भाग बरणीत, वर डिस्टिल्ड पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं. फेस आला की परत धुणं.

वेल्डिंगनाका

एवढं सोवळं आम्ही पाळत नाही खरं. पण आमच्याकडे आग लागलेली मी बघितली आहे. एका पोराने ऑक्सिजनच्या रेग्युलेटरच्या आट्यांना ग्रीस लावली, घट्ट फिरतंय म्हणून. चावी एका झटक्यात फिरवली. फाट्कन आवाज, आणि रेग्युलेटरचं बॉनेट वितळून बाजूला. पोरगा बाजूला उभा होता म्हणून वाचला. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: रेग्युलेटर लावायच्या आधी व्हॉल्व्ह जरासा उघडून तोंडातली धूळ उडवायची, मग रेग्युलेटर लावायचं, आणि उघडताना समोर उभं राहायचं नाही, चावी अगदी हळू.

खोलपाणी साहेब, एक विचारतो. जुळणी झाल्यावर दाब कशावर बघता? आम्ही तर सिलिंडरवर लावून साबणाचा फेस लावतो.

खोलपाणी

फारच नेमका प्रश्न. इथेच भली भली माणसं केलेलं काम घालवतात.

फर्स्ट स्टेज सिलिंडरचा दाब साधारण ९-१० बारवर आणते. तो मधला दाब गेज लावून बघायचा. पर्ज बटण (हाताने वायू सोडायचं) दाबून सोडलं की काटा एका जागी येऊन थांबला पाहिजे. हळूहळू वर चढत राहिला तर सीट धरत नाही. मग सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) जुळवायची, ती किती हलक्या श्वासाला उघडते ते बघून. पण हे सगळं करायला वायू लागतो. लोक काय करतात, समोरचा हवेचा सिलिंडर लावतात. डायव्हिंगची साधी हवा श्वासाला चांगली असते, तरी कॉम्प्रेसर तेलाचा असतो आणि फिल्टरमधून काही अंश येतोच. युरोपच्या मानकात श्वासाच्या हवेत तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेसाठी हीच मर्यादा ०.१ धरतात. म्हणजे अर्धा दिवस घालवून धुतलेला सेट पहिल्याच चाचणीत परत 'हवेचा' झाला.

मी कोरडा, तेलविरहित नायट्रोजन वापरतो. एक सूचना मात्र मोठ्या अक्षरात वाचा: नायट्रोजनवर असताना सेकंड स्टेज तोंडाला लावायची नाही. शुद्ध नायट्रोजनच्या एक-दोन श्वासांत माणूस काही न कळता आडवा होतो. श्वास ओढून बघायची सवय डायव्हरच्या हाडात असते, म्हणून मी माऊथपीसच काढून ठेवतो.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. ऑक्सिजन क्लीन हे रेग्युलेटरवर मारलेलं शिक्कामोर्तब नसतं. शेवटचा कुठला वायू त्यातून गेला त्यावर ते टिकतं किंवा जातं. माझ्याकडे लोक येतात, ऑक्सिजन क्लीनचा हिरवा पट्टा लावून घेतात, आणि पुढच्या आठवड्यात मित्राचं रेग्युलेटर बिघडलं म्हणून तोच सेट त्याला हवेच्या सिलिंडरवर देतात. पट्टा हिरवाच राहतो.

बायोमेड

याला +१. आमच्याकडेही ऑक्सिजनचा सुटा भाग दुसऱ्या लाइनला लावला की तो परत ऑक्सिजनला घ्यायचा नाही असा नियम आहे, आणि रात्रपाळीत तोच पहिला मोडतो.

ओ-रिंगांचं राहिलं. पाणबुड्या, किटमध्ये बहुधा व्हायटॉन किंवा ईपीडीएम जातीचं रबर येईल. बाजारातून 'काळ्या ओ-रिंगा, सेम साइझ' घेऊ नकोस. नायट्राइल आणि व्हायटॉन दोन्ही काळ्या असू शकतात, डोळ्यांना फरक कळत नाही.

प्रश्नचिन्ह

बरं, मी पैसे काढायचा मार्ग म्हटलं ते मागे घेतो. पण मग सेकंड स्टेजला एवढं कशाला? तिथे तर १० बारच असतात.

खोलपाणी

धोका तिथे कमी आहे, बरोबर. तरी ग्रीस आणि ओ-रिंगा बदलतोच, कारण होजमधला (दोन्ही स्टेज जोडणाऱ्या नळीतला) ऑक्सिजन शुद्धच असतो. होजही तपासायचा, जुन्या होजच्या आत काय साचलंय ते दिसत नाही, म्हणून मी नवाच लावतो. मूठभर पैशांसाठी तिथे वाद घालत नाही.

पाणबुड्या_सोलापूर

काल रात्री नोटांचा दिवा आणून टेबलावर धरला. दादा, चांदणं नाही, अख्खी आकाशगंगा आहे. काकांना दाखवलं, ते म्हणाले हा सगळा माल आहे, झाडून गोळा कर.

ठरलं असं. जुना सेट हवेवरच राहू दे. मुख्य सेट बिघडला तर बदली म्हणून तोच लागतो, आणि मीच तो कधीतरी ऑक्सिजनवरून काढून हवेला लावीन याची मला खात्री आहे. ऑक्सिजनसाठी कंपनीतून स्वच्छ होऊन येणारी वेगळी फर्स्ट स्टेज घेतो, तीच कंपनी, म्हणजे मॅन्युअल एकच. गेज आणि होज नवे. ते पार्सल घरी न उघडता थेट तुमच्याकडे पुण्याला पाठवू का?

खोलपाणी

पाठवा. मी मधला दाब बघून, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत सील करून, तारीख आणि कुठली ग्रीस वापरली ते लिहून परत पाठवीन. मालवणला जाईपर्यंत पिशवी उघडू नका. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, सोलापूरच्या मे महिन्यात ४३-४४ अंशांत रबर उगाच म्हातारं होतं. पाण्यात गेल्यावर काय करायचं ते तुमचे सर सांगतीलच: सेकंड स्टेजवर आणि सिलिंडरवर मोठ्या अक्षरात ६ मीटर. त्याखाली शुद्ध ऑक्सिजनचा दाब १.६ बारच्या वर जातो आणि झटके येऊ शकतात. अंधारात चुकीची सेकंड स्टेज तोंडात घेणं हा आगीपेक्षा जास्त घडणारा अपघात आहे.

लूमवाला

हे सगळं झाल्यावर उजनीत एकदा बुडी मार की. बॅकवॉटरला फ्लेमिंगो वरून दिसतात, खालून कसे दिसतात ते सांग.

पाणबुड्या_सोलापूर

उजनीच्या पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, फ्लेमिंगो कुठले. पाय दिसले तरी कळवतो.

वेल्डिंगनाका काका, जुन्या सेटची पण दरवर्षीची सर्व्हिस बाकी आहे. त्याचा दाब बघायला नायट्रोजन मिळेल का तुमच्याकडे? तोंडाला लावणार नाही, शप्पथ.

वेल्डिंगनाका

मिळेल. पण तुझा डिन आमच्या व्हॉल्व्हला बसणार नाही, अडॅप्टर करून घ्यावा लागेल. तो पितळी आणि दाबाला तपासलेलाच हवा, लेथवाल्याकडून टाकाऊ गजातून करून आणलास तर मी लावू देणार नाही. सकाळी अकराच्या आत ये, नंतर भरणीची गाडी येते.